शेवटची लाँच

व्यापारी कुटुंबात सुट्टीचा विचार प्रथम गल्ल्याकडे पाहून केला जातो. लग्नसराई असेल तर कापडवाल्याला हलता येत नाही. कापूस येऊ लागला की जिनिंगवाल्याला उसंत नसते. अडत्याचा हंगाम तर संपतच नाही. एक धान्य गेले की दुसरे दारात उभे. त्यामुळे आपल्याकडे प्रवास घडतो तो बहुधा काही कारणाने: नात्यातील लग्न, कुणाकडचे दुःख, क्षेत्राची यात्रा किंवा मालाची खरेदी. कोणतेही काम नसताना, केवळ मित्रांबरोबर दोन दिवस बाहेर जाणे हे आमच्या वडिलांच्या पिढीत चैनीच्या खात्यात जमा होत असे, आणि ते खाते कोणी उघडतच नसे.

आमचे सावनेर नागपूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, छिंदवाडा आणि बैतूल या दोन रस्त्यांच्या फाट्यावर वसलेले. कोलार नदी, कोळशाच्या खाणी, संत्री आणि कापूस ही गावाची ओळख. नाटककार राम गणेश गडकरी यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी येथेच देह ठेवला, म्हणून मराठी वाचकाला हे नाव अपरिचित नसावे. समुद्राशी मात्र सावनेरचा काही संबंध नाही. नागपूरपासून मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर. आमच्या लहानपणी लांबचा प्रवास म्हणजे छिंदवाड्याची छोटी गाडी. ब्रॉडगेज होण्यापूर्वीची ती अरुंद रुळांची गाडी इतकी सावकाश चाले, की घाटात मुले उतरून तिच्याबरोबर चालतात, असे वडीलधारे हसत सांगत.

आम्ही चार मित्र एकाच शाळेतले. मी कापड दुकानात, दुसरा हार्डवेअरमध्ये, तिसरा धान्याच्या अडतीत, चौथा कापूस आणि जिनिंगमध्ये. पन्नाशी गाठेपर्यंत आमची मैत्री अखंड होती, असे गावाला दिसत होते. आतली गोष्ट वेगळी होती. २०२२ मध्ये कापसाचे भाव चढले तेव्हा जिनिंगवाल्याने अडत्या मित्राकडून बरीच मोठी रक्कम उचलली. पुढच्या हंगामात भाव उतरले आणि रक्कम अडकली. कागद नव्हता, शब्द होता. प्रथम तगादा झाला, मग अबोला झाला. भांडण असे कधी झालेच नाही, दोघेही सभ्य. समोरासमोर आले की मान हलवत. पर्युषणानंतर क्षमापनेचा संदेश दोघेही एकमेकांना न चुकता मोबाइलवर पाठवत, आणि त्याच आठवड्यात रकमेचा निरोप माझ्यामार्फत जात असे. तीन वर्षे मी त्या दोघांमधला निरोप्या होतो. ज्यांनी हे काम केले असेल, त्यांना त्याचे ओझे सांगावे लागणार नाही.

गेल्या जानेवारीत हार्डवेअरवाल्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्याने समारंभ नाकारला आणि एकच मागणी केली: चौघांनी मिळून समुद्र पाहायचा, होडीने एखाद्या बेटावर जायचे. आमच्यापैकी कोणीही आयुष्यात समुद्रावरून प्रवास केलेला नव्हता. वाढदिवसाची मागणी असल्याने कुणालाही नकार देता आला नाही. शुक्रवारी संध्याकाळी नागपूरहून निघायचे, शनिवारी घारापुरी, रविवारी मुंबई पाहून रात्रीच्या गाडीने परत, असा बेत ठरला.

अडत्या मित्राबद्दल एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. वडील गेल्यापासून त्याचा चौविहार आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. बाहेरचे तयार अन्नही तो घेत नाही. डबा आणि उकळून गार केलेले पाणी बरोबर असते. गावात या नियमाची कधी अडचण होत नाही, कारण दुकान आणि घर यांत दोनशे पावलांचे अंतर. होडीच्या वेळापत्रकाशी मात्र या नियमाची ओळख नव्हती.

शनिवारी सकाळी आम्ही गेटवे ऑफ इंडियाजवळ पोहोचलो. १९२४ मध्ये खुली झालेली ती कमान डोळे भरून पाहण्याआधीच आम्ही रांगेत सापडलो. प्रथम सुरक्षा तपासणीची रांग, मग तिकिटाची, मग धक्क्याच्या पायऱ्यांवरची. तिकिटावर वेळ नव्हती. लाँच भरली की सुटणार, एवढेच उत्तर मिळाले. दुकानात गिऱ्हाइकाला दहा मिनिटे थांबवले तर आपण दोनदा चहा विचारतो. येथे दीड तास कोणी कुणाला काही विचारले नाही. एक लाँच आमच्या डोळ्यांदेखत अर्ध्या रांगेला घेऊन गेली. दुसरी लागली ती तिसरीच्या पलीकडे, त्यामुळे एका होडीतून दुसऱ्या होडीत पाय टाकत जावे लागले. पाण्यावर दोन्ही होड्या वेगवेगळ्या तालात हलत होत्या. ज्यांनी आयुष्यभर घट्ट जमिनीवर पेढी चालवली, त्यांची त्या दोन पावलांत चांगलीच परीक्षा झाली. वरच्या मजल्यावर बसायचे तर आणखी पैसे. जिनिंगवाला पुटपुटला, "भाडं एक आणि बसायचं दुसरं!" त्यावर अडत्या हसला. मी पाहिले, पण काही बोललो नाही.

घारापुरी गेटवेपासून सुमारे दहा-अकरा किलोमीटर, तासाभराचा प्रवास. प्रत्येकाला तरंगते जॅकेट घालावे लागले. काहींनी कुरकुर केली, पण १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर प्रवासी लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळून डझनाहून अधिक जीव गेले, हे आठवणाऱ्या माणसाला ती कुरकुर पटणार नाही. कोकणातील घरांत याहून जुनी आठवण आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. होडीचा उशीर आपल्याला चीड आणतो; समुद्राकाठची माणसे मात्र उशीर आणि घाई यांतले कमी महाग काय, हे पिढ्यान्पिढ्या जाणतात. तांडेल आमच्याशी एक शब्द बोलला नाही. त्याची नजर सबंध वेळ पाण्यावर होती.

बेटावर उतरल्यावर धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी आहे. तिच्यासाठीही रांग होती, म्हणून आम्ही चालत गेलो. पुढे सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकाने. व्यापाऱ्याचे डोळे लेण्याआधी दुकानांवरच गेले. एका वृद्ध दुकानदारीणबाईंना हार्डवेअरवाल्याने सहज विचारले, "मावशी, इथं माल कसा येतो?" त्या म्हणाल्या, "होडीनंच की. तिकडं भाडं द्या, मग धक्क्यावर हमाली, मग पायऱ्यांची हमाली. तुम्ही भाव पाहता, आम्ही चढ पाहतो." मग त्यांनी विजेची गोष्ट सांगितली. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असताना या बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर. दुपारी दोन तास वीज गेली म्हणून तक्रार करणारे आम्ही चौघे गप्प राहिलो.

लेण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९८७ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. मुख्य लेण्यातील सदाशिवाची मूर्ती अठरा-वीस फूट उंच आहे. तिच्या तीन मुखांपैकी एक उग्र, एक सौम्य आणि मधले दोहोंकडे न पाहणारे, शांत. मला अधिक ओढ लागली ती या बेटाच्या व्यापारी इतिहासाची. येथे भूमध्य समुद्राकडून आलेल्या रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडली आहेत, आणि त्यांच्या आधारे या लेण्यांचे श्रेय त्या घराण्याला द्यावे असे काही इतिहासकारांचे मत आहे. कर्नाटकातील ऐहोळे येथील मेगुती जिनालयाच्या भिंतीवर जैन कवी रविकीर्ती याने इ. स. ६३४ मध्ये कोरविलेला शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौका घेऊन पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणता येईल अशी पुरी नगरी जिंकली, असे त्यात वर्णन येते. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी, असे काही अभ्यासक मानतात. काही अभ्यासक दुसरे स्थळ सांगतात. निर्णय विद्वानांनी करावा. एका जिनालयाच्या भिंतीवर एका बंदराला लक्ष्मी म्हटले गेले, ही गोष्ट मात्र मी मित्रांना सांगितली तेव्हा अडत्याने विचारले, "म्हणजे इथं पेढ्या असतील?" जिनिंगवाल्याने परस्पर उत्तर दिले, "असणारच. अन् उधारीपण असेल." त्यानंतर थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

परतताना पायऱ्यांवर माकडांनी आम्हाला गाठले. घारापुरीची माकडे पिशवी पाहूनच आत काय आहे ते ओळखतात. एका माकडाने अडत्याच्या हातातली कापडी पिशवी झटक्यात ओढली आणि छपरावर जाऊन डबा उघडला. संध्याकाळच्या दशम्या, भिजवलेले मूग, सारे गेले. पाण्याची बाटली तेवढी खांद्यावर होती म्हणून राहिली. तो म्हणाला, "जाऊ द्या, त्याचाही जीव आहे. मुंबईत पोचून पाहू." सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होता आणि त्या वेळी चार वाजले होते. हिशेब बरोबर बसत होता.

धक्क्यावर मात्र तो चुकला. दिवसभरात आलेली सारी माणसे एकाच वेळी परत निघाली होती. रात्री पर्यटकाला बेटावर राहता येत नाही, त्यामुळे शेवटची लाँच चुकली तर काय, ही भीती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती. ओहोटी लागली होती आणि होड्या धक्क्याला लावायला वेळ लागत होता. ज्यांचे परतीचे तिकीट एका लाँचचे त्यांना दुसरीत घेत नव्हते. एक माणूस ओरडत होता, दुसरा त्याच्यावर ओरडत होता, लहान मुले रडत होती. पाच वाजले, साडेपाच वाजले. आमच्या लाँचचा पत्ता नव्हता. आता ती आली तरी तासाभराचा प्रवास बाकी होता. मुंबईत पोचण्याआधी सूर्य मावळणार, हे आम्हा चौघांनाही कळले. अडत्या काही बोलला नाही. त्याने बाटलीतले थोडे पाणी पिऊन घेतले आणि तो धक्क्याच्या कठड्यावर जाऊन बसला. सकाळी दहानंतर त्याने काही खाल्लेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही खाणार नाही, हेही ठरल्यासारखेच होते. आजूबाजूला भजी होती, भेळ होती. त्याच्या उपयोगाचे काही नव्हते.

मी आणि हार्डवेअरवाला रांगेत जागा धरून उभे होतो. जिनिंगवाला आमच्यामागे होता. त्याने आपल्या खांद्यावरची पिशवी पुढे घेतली, चेन उघडून आत पाहिले, पुन्हा लावली. थोड्या वेळाने तो रांग सोडून कठड्यापाशी गेला. गर्दीमुळे आम्ही फार लांब नव्हतो; सारे ऐकू येत होते.

"घे. घरचंच आहे. सूर्य अजून वर आहे."

अडत्याने डब्याकडे पाहिले. "किती आहेत?"

"चार."

"मग दोन तू घे."

तीन वर्षांनंतर त्या दोघांमध्ये मध्यस्थावाचून झालेले हे पहिले संभाषण. ते संपूर्ण हिशेबाचे होते, आणि हिशेब बरोबर अर्धा-अर्धा होता. दोघे शेजारी बसून दशम्या खात होते. समोर सूर्य मुंबईच्या इमारतींमागे चालला होता. मागे लोक अजून भांडत होते. हार्डवेअरवाल्याने मला कोपर मारले आणि पुढे पाहायला सांगितले. आम्ही दोघांनी मुद्दाम पाठ फिरवली.

लाँच सहा वाजता आली. अंधार पडू लागला तेव्हा आम्ही अर्ध्या वाटेवर होतो. वारा गार होता, खालच्या मजल्यावर डिझेलचा वास होता, आणि चौघांना दोनच बाकांवर दाटीने बसावे लागले. बोलणे निघाले ते शाळेचे, छिंदवाड्याच्या छोट्या गाडीतल्या सहलीचे, एका मास्तरांच्या छत्रीचे. पैशाचा विषय निघाला नाही. मी त्या वेळी विचार करत होतो की गावात असताना हे का घडले नाही. गावात प्रत्येकाला जायला जागा आहे. बोलणे अवघड झाले की दुकान आहे, फोन आहे, 'गिऱ्हाईक आलं' म्हणून उठता येते. होडीत उठून जायला जागा नसते. शिवाय त्या दिवशी आम्ही सारेच काउंटरच्या दुसऱ्या बाजूला होतो. कोण देणेकरी, कोण घेणेकरी, याची त्या रांगेला काही खबर नव्हती. सगळेच सारखे थांबलेले होते.

रविवारी आम्ही भायखळ्याला जिजामाता उद्यानात गेलो. घारापुरीच्या किनाऱ्यावर पूर्वी दगडी हत्ती होता. त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना कोसळून फुटला. त्याचे तुकडे मुंबईत आणले गेले, पुढे १९१४ मध्ये ते जोडण्यात आले, आणि आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. हार्डवेअरवाल्याने व्यवसायाच्या नजरेने त्याला सगळीकडून न्याहाळले आणि म्हणाला, "जोड दिसतोय. पण उभा आहे." आम्ही तेथे फार वेळ थांबलो नाही, कारण अडत्याची जेवणाची वेळ झाली होती आणि या वेळी कोणीही ती चुकू द्यायला तयार नव्हते.

परतीच्या गाडीत, इगतपुरीच्या पुढे, जिनिंगवाल्याने स्वतःहून विषय काढला. एकदम रक्कम शक्य नाही, हप्त्यांनी देतो, आणि या वेळी कागद करू, असे तो म्हणाला. अडत्याने कागदावर आधी नकार दिला, मग होकार दिला. दोन मित्रांमध्ये कागद होणे म्हणजे अविश्वास, असे आपल्याकडे समजतात. मला त्या रात्री उलटे वाटले. शब्दावर दिलेली रक्कम अडकली की शब्दच बंद होतात. कागद असता तर ते दोघे तीन वर्षे निदान त्या कागदाबद्दल तरी बोलले असते. पहिला हप्ता होळीच्या आत आला. तो माझ्या हातून गेला नाही, ही माझ्या दृष्टीने त्या सहलीची खरी कमाई. व्याजाबद्दल त्यांचे अजून एकमत झालेले नाही. पण आता ते समोरासमोर वाद घालतात आणि मला बोलावत नाहीत.

आपल्यापैकी ज्यांना घारापुरीला जावयाचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी नमूद करतो. लेणी सोमवारी बंद असतात. सकाळची पहिली लाँच गाठावी आणि शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवावी. परत निघताना तिच्या भरवशावर न राहता निदान दोन तास आधी रांगेत लागावे. ज्यांचा चौविहार आहे त्यांनी संध्याकाळचे जेवण बेटावरच, पायऱ्या उतरल्यावर, चार वाजता आटोपावे. डबा पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावा, हातात धरू नये. तरंगते जॅकेट कुरकुर न करता घालावे आणि लहान मुलांचे बंद स्वतः तपासावेत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि लाँच केव्हाही बंद राहते, म्हणून हा बेत चातुर्मासानंतरच करावा.

आणि शक्य असेल तर अशा सोबत्याला बरोबर न्यावे, ज्याच्याशी बोलणे राहून गेले आहे. डब्यात दशम्या मात्र चारऐवजी सहा ठेवाव्यात.